हौशी कवींच्या निसर्ग आणि समाजावरच्या कवितांना 'छान आहे' यापलीकडे काय दाद द्यावी?

तुम्ही लिहिलंय की गावच्या वाचनालयात तुमचा दहा-बारा जणांचा गट जमतो. कविता बहुतेक पाऊस, झाडं, शेतकरी, आई, लेकी यांवरच्या. प्रत्येक कवितेनंतर 'वा, छान' होतं आणि चुकून कुणी दोष काढला की तो कवी पुढच्या खेपेला फिरकत नाही. मग बोलायचं तरी काय?

माझं म्हणणं एवढंच: विषयाला दाद देऊ नका, ओळीला द्या. 'हृदयस्पर्शी', 'निःशब्द केलंत', 'लेखणीला सलाम' ही सगळी विषयाला दिलेली दाद. शेतकऱ्याच्या आत्महत्येचा विषय काळजाला भिडणारच, त्यात कवीची करामत कोणती? शिवाय ही वाक्यं कविता न ऐकताही म्हणता येतात आणि हे कवीला चांगलंच ठाऊक असतं, कारण आधीच्या कवीला त्यानेही तेच म्हटलेलं असतं.

नमुन्यादाखल मीच एक कविता जुळवते, म्हणजे कुणाचं मन दुखायला नको. विषय पाण्याचा. पहिली दोन कडवी 'धरतीने हिरवा शालू नेसला' छापाची. (हा शालू आता इतक्या वेळा नेसून झालाय की त्याचे धागे दिसायला लागलेत.) तिसऱ्या कडव्यात अचानक असं येतं:

आत पारवे घुमती
वर गंजतो पोहरा

आणि चौथ्यात, अंदाज केला असेलच, 'माणसा आता जागा हो, झाडे लाव, पाणी वाचव'.

आता या कवितेला 'मस्त, सामाजिक भान जपलंत' म्हणणं सोपं. 'शेवट घोषणेसारखा झालाय' म्हणणंही सोपं, आणि खरंही. पण कवी दुसरं वाक्य ऐकून घरी जाईल. त्यापेक्षा मी म्हणेन, "पारवे आणि पोहरा या दोन ओळी परत वाचाल का?" परत वाचून झाल्यावर मला काय दिसलं ते सांगेन. विहीर हा शब्दच नाही, पण विहीर दिसली. ती ओस पडली आहे हेही कळलं, कारण पोहरा वरच गंजत पडलाय, म्हणजे तो महिनोन्‌महिने पाण्यात उतरलेला नसावा. आत आवाज, वर शांतता. शिवाय दोन्ही ओळी मोजून आठ-आठ अक्षरांच्या, त्यामुळे म्हणताना जीभ अडखळत नाही. मग हळूच विचारायचं, "चौथं कडवं गाळून इथेच थांबलात तर कशी वाटेल?" सल्ला न देता विचारायचं. दहांतले सातजण स्वतःच वाचून बघतात आणि गप्प होतात.

या उपदेशी शेवटाबद्दल थोडं जास्त बोलते, कारण निसर्गकवितांचा सगळ्यात जास्त घात तोच करतो. शाळेत गोष्टीखाली तात्पर्य लिहिल्याशिवाय गुण मिळत नसत, वृक्षारोपणाच्या फलकांवरच्या ओळी डोक्यात बसलेल्या, त्यामुळे हात आपोआप तिकडे वळतो. अशा वेळी मी बालकवींच्या 'औदुंबर'ची आठवण करून देते. आठ ओळींची कविता. झरा, गाव, शेतं, पायवाट, डोह आणि पाण्यात पाय सोडून बसलेलं झाड. उपदेश औषधालाही नाही. जाणकार आजही तिच्या अर्थावरून वाद घालतात, आणि तरी शाळकरी पोरालाही ती आवडते. हे उदाहरण दिलं की कवीला आपल्यावर टीका झाली असं वाटत नाही, आपली कविता बालकवींच्या शेजारी ठेवली असं वाटतं. वाटू द्यावं.

निसर्गकवितेत दुसरी बघायची गोष्ट म्हणजे निरीक्षण. गाणारा कोकीळ नर असतो, पण कवितेत बहुधा 'कोकिळा गाते'. सुगरणीचं घरटं विणतो तोही नर. चातक फक्त पावसाचं पाणी पितो हा कवींचा जुना संकेत आहे, पक्ष्याला त्याची खबर नाही. अशा गोष्टींवरून कवीला फासावर चढवू नये. संकेत म्हणून त्या चालतातच. पण कवी 'मी पाहिलं' म्हणत असेल तर मात्र विचारावं, काय पाहिलं?

आमच्या गटात एक निवृत्त एसटी कंडक्टर आहेत, आम्ही त्यांना अण्णा म्हणतो. त्यांनी श्रावणात फुललेल्या बहाव्यावर कविता वाचली. एका शिक्षकांनी लगेच टोकलं, "अण्णा, बहावा चैत्र-वैशाखातला. श्रावणात कुठून आणलात?" अण्णा म्हणाले, "डेपोच्या मागं. या बघायला." दोघंतिघं गेले तर खरंच, पाचोळ्याच्या ढिगाशेजारी एका फांदीला चार-पाच पिवळे घोस लोंबत होते. बहाव्याला असा अवेळी तुरळक फुलोरा येतो कधीकधी. गंमत पुढेच आहे. अण्णांच्या कवितेत हा अवेळीपणा कुठेच नव्हता, नुसतं 'सोनेरी झुंबर' होतं. शिक्षक म्हणाले, "अहो, चुकीच्या महिन्यात फुललाय हीच तर कविता आहे." अण्णांनी ती परत लिहिली, आणि दुसरी कितीतरी सरस झाली. टोकण्याऐवजी आधीच विचारलं असतं तर डेपोपर्यंतची पायपीट वाचली असती, पण मग बहावाही बघायला मिळाला नसता.

सामाजिक कवितेत पंचाईत वेगळी. तिथे माणूस आणि कविता यांची गल्लत होते. कवितेतल्या मताशी आपलं जमत नसेल तर वाद मताशी घालावा, आणि तोही चहाच्या वेळी. कवितेबद्दल बोलताना मी दोनच गोष्टी बघते. पहिली, तपशील आहे का? 'जगाचा पोशिंदा उपाशी' ही ओळ कुणीही लिहील. पण बाजार समितीतून आलेली पट्टी (विकलेल्या मालाच्या हिशेबाचा कागद) हातात घेऊन बाप हमाली आणि तोलाईच्या आकड्यांवर बोट फिरवतोय, हे ज्याच्या घरी कांदा आहे तोच लिहील. अशा कवीला मी विचारते, "पट्टी वाचून झाल्यावर वडील काय म्हणायचे हो?" जे उत्तर येतं ते बहुतेकदा अख्ख्या कवितेपेक्षा भारी असतं. मग म्हणायचं, हेच लिहा.

दुसरी, ज्याच्यावर कविता आहे तो माणूस कवितेत बोलतो का? धुणंभांडी करणाऱ्या बाईवर पाच कडवी, पाचही कडव्यांत ती 'बिचारी', आणि तिच्या तोंडी एक शब्द नाही. कवीचा हेतू चांगला असतो, हे मान्य. पण नारायण सुर्वे स्वतः गिरणीत राबले होते आणि नामदेव ढसाळांनी १९७२ साली 'गोलपिठा' या कवितासंग्रहात मुंबईच्या वेश्यावस्तीची भाषा जशीच्या तशी आणली, त्यानंतर तरी मराठीत नुसती कीव पुरेशी नाही असं माझं ठाम मत. मी विचारते, "ती पगार मागताना काय म्हणते?"

शुद्धलेखन चारचौघांत काढू नका, नंतर कागदावर खूण करून द्या. छंदाचं मात्र सगळ्यांसमोर बोललं तर चालतं, कारण त्यात अपमान नसतो, सगळेच बोटांवर अक्षरं मोजायला लागतात आणि जोडाक्षर एक धरायचं की दोन यावर बैठक रंगते. (एकच.)

कवींनी एकमेकांना कविता ऐकवायची ही रीत काही आजची नाही. १९२३ साली पुण्यात माधव जूलियन, यशवंत, गिरीश वगैरेंनी रविकिरण मंडळ काढलं तेही चहा आणि कवितावाचनाच्या बैठकांवरच पोसलं. पुढे अत्र्यांनी 'केशवकुमार' या नावाने त्या वळणाच्या कवितांची यथेच्छ विडंबनं केली. विडंबन ही क्रूर दाद खरी, पण ती द्यायला मूळ कविता बारकाईने वाचावी लागते. तुमच्या गटात मात्र हा प्रयोग दोस्तीखात्यातच करा.

एका ठिकाणी हे सगळं बाजूला ठेवा. कविता वाचता वाचता कुणाचा आवाज भरून आला, आणि ती स्वतःच्या गेलेल्या माणसावरची आहे हे उघड असेल, तर ओळी-बिळी काढू नका. ताई, बसा, पाणी घ्या, एवढंच. कवितेबद्दल दोन महिन्यांनी बोलता येतं, तेही त्यांनी विषय काढला तर.

आणि रागावून न येणाऱ्यांसाठी एक साधा उपाय. वाचनाआधीच विचारून टाका, "काही सुचवलेलं चालेल, की आज नुसती ऐकू?" 'नुसती ऐका' म्हणणाऱ्याला खरंच नुसतं ऐकायचं. आमच्याकडे असे दोघं होते. त्यातले एक वर्षभराने आपणहून म्हणाले, "आज जरा बघा बरं, तिसऱ्या ओळीत काहीतरी खटकतंय." दुसरे अजून नुसतीच ऐकवतात, आम्हीही ऐकतो.