सर हर्बर्ट रीड यांच्या नावापुढे डीएसओ, एमसी का लिहितात?

अप्पा बळवंत चौकात घेतलेल्या जुन्या पुस्तकात लेखकाच्या नावापुढे ही अक्षरं दिसली, ती पदवी कुठली, असं विचारलंय तुम्ही. पदव्या नव्हेत, ब्रिटिश लष्करी शौर्यपदकं आहेत: डीएसओ म्हणजे डिस्टिंग्विश्ड सर्व्हिस ऑर्डर, एमसी म्हणजे मिलिटरी क्रॉस. पहिल्या महायुद्धात रीड यॉर्कशायरच्या ग्रीन हॉवर्ड्स पलटणीत अधिकारी होते. डीएसओ मिळालं ते मार्च १९१८ च्या माघारीतल्या कामगिरीबद्दल. जर्मन रेटा अंगावर येत असताना माणसं सावरून मागे आणायची, हे चढाईपेक्षा अवघड असावं.

पुढे कवी, समीक्षक, रूटलेज प्रकाशनात संचालक, मानसशास्त्रज्ञ युंगच्या समग्र इंग्रजी वाङ्मयाचे एक संपादक. गंमत म्हणजे गडी पक्का अराज्यवादी, म्हणजे राज्यसत्ताच नको म्हणणारा, आणि १९५३ मध्ये ‘सर’ किताब खुशाल घेतला! जुने साथीदार जाम भडकले. कलाशिक्षक होणार असाल, तर त्यांचं १९४३ चं ‘एज्युकेशन थ्रू आर्ट’ आधी वाचा.