व्हाइट स्पिरिटने वॉश पुसताना मॉडेलचा खालचा रंग उठतो, तर कोणते व्हार्निश लावावे?

तुम्ही लिहिले आहे की एनॅमल (तेलजन्य) रंगावर चकचकीत व्हार्निशचा हात दिला, तिसऱ्या दिवशी एनॅमलचाच गडद वॉश (खाचा-रेघा उठून दिसाव्यात म्हणून लावतात तो पातळ रंग) लावला आणि तो व्हाइट स्पिरिटने (एनॅमलच्या पेट्रोलियम थिनरने) पुसताना कडांवरचा रंग निघून आला; म्हणून तुम्हाला अधिक चांगल्या व्हार्निशचे नाव हवे आहे. व्हार्निशबद्दल मी पुढे लिहितोच, पण तुमच्या वर्णनातला 'तिसऱ्या दिवशी' हा शब्द मला जास्त खटकला. याच घाईत माझे एक विमान बिघडले होते आणि त्यावरून झालेला वाद माझ्या मनात अजून मिटलेला नाही.

ते विमान म्हणजे १/४८ प्रमाणातले हॉकर हरिकेन, १९४० सालच्या रंगात: वरून डार्क अर्थ आणि डार्क ग्रीन, खालून स्काय, म्हणजे फिकट हिरवट. तपकिरी रंग मी ॲक्रिलिकमध्ये मारला होता. हिरव्याची छटा ॲक्रिलिकमध्ये मनासारखी जुळेना, तेव्हा तेवढा एक रंग एनॅमलमध्ये घेतला. दोन दिवसांनी बोट लावून पाहिले तर ठसा उमटला नाही, त्यामुळे रंग वाळला असे मी धरून चाललो. नाकाजवळ नेल्यावर एनॅमलचा मंद वास येत होता, हे मला आजही आठवते. त्या वासाकडे मी लक्ष दिले नाही. त्यावर ॲक्रिलिक ग्लॉस व्हार्निश, मग डिकल (पाण्यात भिजवून चिकटवायची चिन्हे), पुन्हा व्हार्निश, आणि शेवटी संपूर्ण विमानावर गडद तपकिरी वॉश, असा क्रम झाला.

अर्ध्या तासाने स्पिरिटमध्ये बुडवलेल्या इअरबडने पुसायला लागलो. पंखांवर सारे ठीक होते. हरिकेनच्या धडाचा मागचा अर्धा भाग कापडाचा असतो आणि त्या कापडाखालच्या लांब पट्ट्या मॉडेलवर बारीक उंचवट्यांच्या रूपात दाखवलेल्या असतात. तिथे पहिला बड तपकिरी निघाला, दुसराही तपकिरी निघाला, तिसऱ्यावर हिरवट झाक होती. ती वॉशचीच असावी असे समजून मी आणखी दोन हात जोरात फिरवले. दिव्याखाली धरून पाहिले तेव्हा प्रत्येक उंचवट्यावरचा हिरवा रंग निघून गेला होता आणि खालच्या तपकिरी रंगाच्या सरळ, समांतर रेघा कॉकपिटपासून शेपटीपर्यंत उमटल्या होत्या. दोन महिन्यांचे काम दहा मिनिटांत गेले.

आमच्या मॉडेल करणाऱ्यांच्या गटात एक ज्येष्ठ सदस्य होते, ज्यांचा हात माझ्यापेक्षा निश्चितच सरस होता. त्यांनी विमान पाहिले आणि निर्णय दिला, "व्हार्निश म्हणजे चिलखत. तुम्ही ते नीट लावले असते तर हे झालेच नसते." मला हे तेव्हाही पटले नाही आणि आजही पटत नाही. ओला थर धारदार कडेवर टिकत नाही. पृष्ठताणामुळे तो कडेपासून मागे सरतो, आणि म्हणून सपाट जागी जाड असलेले व्हार्निश उंचवट्यावर अगदी पातळ उरते. रगडल्यावर सर्वांत आधी तीच जागा झिजते, स्पिरिट खाली उतरते, आणि खालचा एनॅमल कच्चा असेल तर तो मऊ होऊन व्हार्निशसकट उठतो. 'नीट' लावल्याने कडेचा स्वभाव बदलत नाही.

एनॅमल दोन टप्प्यांत वाळतो. आधी त्यातला थिनर उडून जातो, ज्याला काही तास लागतात, आणि बोटाला कळतो तो एवढाच टप्पा. नंतर त्यातला तेलजन्य घटक हवेतला ऑक्सिजन घेऊन हळूहळू घट्ट जाळे विणतो, आणि या कामाला कित्येक दिवस, जाड थर असेल किंवा हवा थंड असेल तर कित्येक आठवडे लागतात. हे जाळे पूर्ण झाल्यावर व्हाइट स्पिरिटचे त्यावर फारसे काही चालत नाही. लॅकरचे तसे नाही; तो केवळ थिनर उडून वाळतो आणि म्हणून स्वतःच्या थिनरमध्ये कधीही पुन्हा विरघळतो. पाण्यात मिसळणाऱ्या ॲक्रिलिकला स्पिरिटचे भय नाही, मात्र अल्कोहोलचे आहे, आणि टामिया कंपनीचे ॲक्रिलिक तर अल्कोहोलने सहज निघते.

वाद मिटावा म्हणून मी प्लास्टिकचे पांढरे चमचे घेतले, त्यांवर तोच हिरवा रंग आणि तेच व्हार्निश मारले, आणि त्यांना दोन, सात व पंधरा दिवसांनी स्पिरिटच्या बडने सारखेच घासले. दोन दिवसांच्या चमच्याचा खोलगट भाग टिकला, पण कड उघडी पडली. सात दिवसांच्या चमच्याची कड जोर लावल्यावर थोडी निघाली. पंधरा दिवसांच्या चमच्यावर फक्त चकाकी मंदावली. ज्येष्ठांनी तिन्ही चमचे पाहिले आणि हवामानाचा फरक असेल, असे म्हणून विषय संपवला. एकाच पेटीत शेजारी शेजारी ठेवलेल्या चमच्यांना वेगळे हवामान कसे लाभेल, याचे उत्तर त्यांनी दिले नाही.

व्हार्निशचा खरा उपयोग वेगळाच आहे. मॅट पृष्ठभाग सूक्ष्म खडबडीत असतो, त्यात वॉश अडकतो आणि काढायला रगडावे लागते. चकचकीत पृष्ठभागावर तोच वॉश पॅनेल लाइनमध्ये (पत्र्यांच्या जोडाच्या खाचांमध्ये) आपोआप पळतो आणि उरलेला एका हातात पुसला जातो. रगडणे कमी होते, म्हणून रंग वाचतो. माझ्या मते संपूर्ण मॉडेलवर वॉश फासण्याची पद्धतच सोडून द्यावी आणि बारीक ब्रशच्या टोकाने फक्त रेघांमध्ये आणि खिळ्यांभोवती तो सोडावा. पुसताना चपटा ब्रश स्पिरिटमध्ये बुडवून कागदावर इतका टिपावा की तो ओला न राहता जेमतेम दमट राहील. विमानावर वाऱ्याच्या दिशेने, रणगाड्यावर वरून खाली, असा एकच हात द्यावा आणि त्याच जागी लगेच परतू नये. वॉश सुकून बसला असेल तर थोडे स्पिरिट लावून काही क्षण थांबावे, जोर करू नये.

आता व्हार्निश. मी लॅकरचे ग्लॉस क्लिअर, म्हणजे चकचकीत पारदर्शक व्हार्निश, एअरब्रशने (हवेच्या दाबाने रंग फवारणाऱ्या साधनाने) दोनतीन विरळ फवाऱ्यांत मारतो, कारण त्यावर व्हाइट स्पिरिटचा परिणाम होत नाही. कंपनीला मी महत्त्व देत नाही. मात्र खालचा एनॅमल कच्चा असताना लॅकर ओला मारला तर रंगाला सुरकुत्या पडतात, त्यामुळे इथेही थांबण्यावाचून सुटका नाही.

दोन गोष्टी सांगायच्या राहिल्या. वर लिहिलेले दिवस एअरब्रशच्या पातळ थरांचे आहेत. ब्रशने रंगवले असेल तर अधिक थांबावे लागते. आणि स्पिरिट रंग न लावलेल्या प्लास्टिकवर साचू देऊ नका. घट्ट बसवलेल्या, ताणाखाली असलेल्या भागांना, विशेषतः लँडिंग गिअरच्या पायांना, त्याने तडे जातात, आणि त्यावर कोणतेही व्हार्निश उपयोगी पडत नाही. खिडकी उघडी ठेवा, जवळपास ज्योत नको.

तुमच्या उघड्या पडलेल्या कडांवर आज लगेच रंग मारू नका. शिरलेले स्पिरिट दोनतीन दिवस उडू द्या, रंगाची उठलेली किनार बारीक पॉलिश पेपरने सपाट करा, मग पातळ हात द्या आणि त्याच वेळी त्याच रंगाचा एक चमचाही रंगवून ठेवा. रोज तो नाकाशी धरा. वास पूर्ण गेला की आधी चमच्याची कड दमट ब्रशने पुसून पाहा, आणि ब्रश स्वच्छ निघाला तरच मॉडेलला हात लावा, तोही पोटाच्या बाजूने.