नरकासुराला ‘लव्ह’ की ‘वॉव’?

प्रश्न : ताई, यंदा आमच्या मंडळाची दिवाळीतली नरकासुराच्या पुतळ्यांची स्पर्धा फेसबुकवर लाइव्ह दाखवायची आहे. आमच्यातल्या एका पोराने कुठेतरी पाहिलं, की पडद्यावर प्रत्येक स्पर्धकाच्या नावापुढे एक इमोजी असतो आणि लोक दाबतील तसा शेजारचा आकडा वाढत जातो. तसंच आपण करू या, असा त्याचा हट्ट. स्पर्धक अकरा आहेत. ‘लोकप्रिय नरकासुर’ म्हणून दहा हजारांचं बक्षीस या मतांवर द्यावं, असं कार्यकारिणीचं म्हणणं आहे. एक वेबसाइट हे सगळं फुकटात करून देते, फक्त आपल्या पेजची परवानगी मागते. करावं का? आणि केलं तर कसं?
— एका मंडळाचा सचिव, फोंडा

उत्तर : करा की. पण अकराजणांचं एकदम करू नका, आणि त्यावर दहा हजार तर मुळीच लावू नका.

आधी हिशेब बघा. फेसबुकवर प्रतिक्रिया सातच : लाइक, लव्ह, केअर, हाहा, वॉव, सॅड, अँग्री. २४ फेब्रुवारी २०१६ला त्या जगभर सुरू झाल्या तेव्हा लाइक धरून सहा होत्या, केअर २०२०च्या साथीत आली. या सातांतून लाइक बाजूला काढा, कारण माणसं व्हिडिओ उघडला की सवयीनेच अंगठा दाबतात. लाइक ज्याच्या वाट्याला जाईल तो स्पर्धक न खेळताच जिंकला म्हणून समजा. अँग्री नरकासुराला शोभून दिसेल हे मलाही पटतं, पण वाड्यावरच्या पोरांनी रात्री जागून बांबू बांधले, गवत भरलं, कागद चिकटवले, त्या कामावर रागाचं तोंड दाबायचं म्हटलं की मावशीचा हात आखडतो. सॅडचं तेच. हाहा दिला तर ते मंडळ तुमच्याशी वर्षभर बोलणार नाही. राहिले लव्ह, वॉव आणि केअर. म्हणजे तीन स्पर्धक. परीक्षकांना पहिले तीन निवडू द्या आणि त्या तिघांनाच शेवटी पुन्हा मैदानात उभं करून मत घ्या.

आता मांडणी. लॅपटॉपवर ओबीएस स्टुडिओ घ्या. लाइव्ह प्रसारण करायचं हे सॉफ्टवेअर फुकट आहे. कॅमेरा त्यात आला की त्यावर तीन इमोजींची चित्रं आणि नावं ठेवा. आकड्यांसाठी लोक सगळ्यात अवघड वाटेने जातात. मी सोपी सांगते. नोटपॅडमध्ये तीन छोट्या फाइली करा, प्रत्येकीत नुसतं शून्य. ओबीएसमध्ये टेक्स्टचा सोर्स (म्हणजे पडद्यावर अक्षरं दाखवणारा घटक) टाकताना ‘रीड फ्रॉम फाइल’ असा चौकोन असतो, त्यावर खूण करून ती फाइल दाखवा. मग एका मुलीला शेजारी बसवायचं. तिने दुसऱ्या फोनवर तुमचा व्हिडिओ उघडून प्रतिक्रियांच्या आकड्यावर बोट ठेवलं की कुणाला किती ते वेगवेगळं दिसतं. ती आकडा वाचते, फाइलीत टाइप करते, कंट्रोल-एस दाबते, आणि क्षणात पडद्यावर जुन्याच्या जागी नवा आकडा येतो. बघणाऱ्याला वाटतं केवढी मोठी यंत्रणा बसवली आहे. दर मिनिटाला एकदा बदललं तरी पुरतं. दोन आकड्यांमधली ती वाट बघण्याची गंमत यात उलट जास्त आहे.

आपोआप हवंच असेल, तर फेसबुकच्या ग्राफ एपीआयमधून (दुसऱ्या प्रोग्रामला फेसबुकची माहिती देणारी त्यांची सोय) आकडे ओढून ओबीएसच्या ब्राउझर सोर्समध्ये, म्हणजे वेबपान दाखवणाऱ्या घटकात, दाखवता येतात. इंजिनिअरिंगला असलेलं एखादं पोर हे करून देईल. त्याला एवढंच विचारा, की टोकन, म्हणजे आकडे वाचायची मुदतीची परवानगी, किती वेळ टिकणार आहे. साधं टोकन तास-दोन तासांत मरतं. तुमची स्पर्धा रात्री उशिरा रंगात येणार, आणि नेमका तेव्हाच आकडा गोठला की मैदानात कुजबुज सुरू होते. दीर्घ मुदतीचं टोकन साधारण साठ दिवस चालतं, ते आधीच घेऊन ठेवायला सांगा.

ती फुकटवाली वेबसाइट नको. पेजची परवानगी म्हणजे घराची चावी. त्यातही स्ट्रीम की (तुमच्या पेजवर लाइव्ह चालवायचा गुप्त संकेत) जर कुणाच्या हाती लागली, तर तो त्याला हवं ते तुमच्या पेजवरून प्रसारित करू शकतो, आणि उत्तरं द्यायची तुम्ही. याआधी कुणाला परवानगी दिलीच असेल, तर पेजच्या सेटिंग्जमध्ये जाऊन ती आजच काढा.

आता भांडणं कुठे होतात ते ऐका, कारण स्पर्धेपेक्षा हीच जास्त रंगतात. एक म्हणजे उशीर. तुम्ही बोलता ते बघणाऱ्याच्या फोनवर दहा-वीस सेकंदांनी पोचतं. त्यामुळे ‘शेवटचे दहा सेकंद, नऊ, आठ...’ असलं काही करू नका. ज्याला तुमचा ‘आठ’ ऐकू येतो त्याचं मत कधीच बाद झालेलं असतं. घड्याळाची वेळ जाहीर करा आणि त्या मिनिटाला पडद्याचा फोटो काढून ठेवा. तो फोटो ठेवाच, कारण प्रतिक्रिया कार्यक्रम संपल्यावरही येत राहतात आणि दिलेली बदलताही येते. नरकासुर जाळून, कारीट फोडून, पोह्यांना बसल्यावर कुणीतरी फोन उघडतो आणि ओरडतो, ‘अरे, आमचे तर जास्त आहेत!’

दुसरं शेअरचं. तुमचा व्हिडिओ कुणी आपल्या भिंतीवर शेअर केला आणि त्याच्या मित्रांनी तिथेच लव्ह दाबलं, तर ते लव्ह त्या शेअरच्या खात्यावर जमा होतं, तुमच्या व्हिडिओवर नाही. आणि गावात सगळे शेअरच करतात. म्हणून थेट व्हिडिओची लिंक व्हॉट्सअ‍ॅपवर फिरवा आणि निवेदकाला पुन्हापुन्हा सांगायला लावा, की मूळ व्हिडिओवरच मत द्या.

व्हॉट्सअ‍ॅपची लिंक आणखी एका कारणासाठी लागणार आहे. २०१६च्या अमेरिकन अध्यक्षीय निवडणुकीच्या सुमारास अशा इमोजी-मतांच्या लाइव्हचा नुसता पूर आला होता. बहुतेकांत लाइव्ह असं काहीच नसे. एक स्थिर चित्र आणि खाली आकडे, बस्स. फेसबुक त्यावर खप्पा झालं. हलत नसलेल्या चित्रावर नुसतं मतदान चालवणं त्यांच्या नियमांत बसत नाही, आणि डिसेंबर २०१७पासून ‘याला मत द्यायचं तर लव्ह दाबा’ छापाच्या पोस्ट ते मुद्दाम कमी लोकांना दाखवतात. तुमच्याकडे कॅमेऱ्यासमोर खरोखरचा नरकासुर हात हलवत उभा आहे, तेव्हा पहिली अडचण नाही. दुसरी आहे. फेसबुक आपण होऊन लोकांपुढे नेईल या भरवशावर राहू नका.

म्हणूनच माझं मत विचाराल तर मतदान यूट्यूबवर घ्या. लाइव्ह सुरू असताना चॅटमध्येच पोल टाकता येतो, दोन ते चार पर्याय, बंद केला की बंद. शेअर-बिअर काही नाही, इमोजीवरून मानापमान नाही. चॅनेलवर पहिल्यांदाच लाइव्ह करणार असाल तर परवानगी मिळायला चोवीस तास लागू शकतात, तेव्हा आठवडाभर आधी चालू करून ठेवा.

नेटचं मात्र कुठेही करा, तेच. मैदानात हजार माणसं उभी राहिली की मोबाइलचा अपलोड बसतो, मग तुमच्या फोनवर दुपारी कितीही काड्या दिसलेल्या असोत. शेजारच्या देवळाच्या किंवा दुकानाच्या फायबरवरून लॅन केबल ओढा. शंभर मीटरपर्यंत ती ठीक चालते. ७२०पी दर्जाच्या चित्रासाठी बिटरेट (दर सेकंदाला पाठवायची माहिती) ४००० केबीपीएस ठेवला तर अपलोड त्याच्या दुप्पट, म्हणजे ८ एमबीपीएस तरी हवा. आणि पार्श्वसंगीत म्हणून हिंदी गाणी लावू नका, कॉपीराइटवरून आवाज कापला जातो. तुमचा ढोल-ताशा त्याहून बरा वाजतो. (स्पीकरची रात्रीची वेळमर्यादा तुम्हाला माहीत आहे असं धरून चालते.)

राहिलं बक्षीस. हे मतदान नरकासुराचं होत नाही, नातेवाइकांचं होतं. ज्याचे भाऊबंद कुवेत-दुबईला आणि इंग्लंडातल्या स्विंडनला जास्त, तो पुढे. त्यात इथे रात्रीचे दोन वाजतात तेव्हा इंग्लंडात नुकती जेवणं आटपत असतात, सगळे फोन हातात घेऊन बसलेले. त्यात वाईट काही नाही, उलट लांबच्या पोरांना तेवढीच दिवाळी मिळते. पण त्यावर दहा हजार ठेवलेत की उद्या मतं विकत आणणारेही येतील. एक चषक द्या, त्यावर ‘प्रेक्षकांची पसंती’ कोरा, आणि पैसे परीक्षकांच्या निकालावर ठेवा.

प्रश्न : आमचा वाडा लहान. लाइव्ह वगैरे झेपणार नाही. व्हॉट्सअ‍ॅपवर मतदान घेतलं तर?
— पेडणे

उत्तर : उत्तम. बारापर्यंत पर्याय देता येतात. ‘एकापेक्षा जास्त उत्तरं’ हे बटण बंद करायला विसरू नका, नाहीतर शहाणी माणसं सगळ्यांनाच मत देऊन मोकळी होतात. एवढं लक्षात ठेवा, की ग्रुपमध्ये कुणी कुणाला मत दिलं ते नावानिशी सगळ्यांना दिसतं. लहान वाड्यावर ते परवडेल का, हे माझ्यापेक्षा तुम्हाला जास्त कळतं.

प्रश्न : गणेशचवथीतल्या, घुमट हे वाद्य वाजवून केलेल्या आरतीचं लाइव्ह फेसबुकवर होतं. आता सापडत नाही. कुणी काढलं असेल?
— साखळी

उत्तर : कुणी नाही, फेसबुकनेच. १९ फेब्रुवारी २०२५पासून तिथली लाइव्ह रेकॉर्डिंग तीस दिवसांनी पुसली जातात. ज्याने लाइव्ह केलं त्याच्या लॅपटॉपवर बघा. ओबीएसमध्ये ‘स्टार्ट स्ट्रीमिंग’च्या खालीच ‘स्टार्ट रेकॉर्डिंग’ असतं, ते दाबलं असेल तर फाइल तिथे असेल. कॅमेऱ्याचं कार्डही तपासा. पुढच्या वेळी महिना व्हायच्या आत उतरवून यूट्यूबवर चढवा.

प्रश्न : नवीन पेज काढलं, पण लाइव्हचं बटणच दिसत नाही.
— डिचोली

उत्तर : फेसबुकवर खातं साठ दिवसांचं आणि पेजला शंभर फॉलोअर्स लागतात. इन्स्टाग्रामला एक हजार, तेही खातं सार्वजनिक असेल तरच. यूट्यूबवर फोनवरून करायचं तर पन्नास सबस्क्रायबर, लॅपटॉपवरून ओबीएसने करायचं तर ती अट नाही. चॅनेल सोळा वर्षांखालच्या पोराच्या नावावर मात्र नको.

प्रश्न : बालवाडीच्या वेशभूषा स्पर्धेत असंच इमोजीवालं मतदान घ्यायचा विचार आहे. पालक खूश होतील.
— एक शिक्षिका, म्हापसा

उत्तर : नको बाई. चार वर्षांचा परशुराम दाढी ओढत रडायला लागला, की त्याच्यावर पहिला हाहा त्याच्याच मामाचा पडेल. लाइव्हही करू नका; फोटो काढून पालकांच्या ग्रुपवर टाका आणि सगळ्यांना एकेक पेन्सिल-डबा द्या.