आधी प्रश्न ठरवा, मग अर्ज भरा

प्रश्न : आम्ही ठाण्याचे बेने इस्रायली, म्हणजे मराठी ज्यू. मुलगी २६ वर्षांची, वकील, मुंबईत नोकरी करते. तरुण ज्यू व्यावसायिकांसाठीच्या नेतृत्व कार्यक्रमांना अर्ज करायचं तिच्या मनात आहे. नोकरी सोडावी लागेल का? पुढे उपयोग होईल का?
– एक आई

उत्तर : ताई, नोकरी सोडू देऊ नका, तशी गरजही नाही. १९०६मध्ये स्थापन झालेल्या अमेरिकन ज्यूइश कमिटीचा ‘अ‍ॅक्सेस’ हा उपक्रम तरुण नोकरदारांसाठीच आहे. मुत्सद्दी, लोकप्रतिनिधी आणि इतर धर्मांचे तरुण यांच्याशी संवाद हा त्याचा गाभा. वर्ल्ड ज्यूइश काँग्रेसचा ‘ज्यूइश डिप्लोमॅटिक कोअर’ २७ ते ४५ वयोगटासाठी आहे, त्यातली मंडळी आपापला व्यवसाय सांभाळूनच काम करतात. लेक पुढच्या वर्षी वयात बसेल.

पण तिथे बसून ती कोणता प्रश्न मांडणार? माझ्या मते सगळं यावर ठरतं. वकिलाच्या हाताला येईल असा एक प्रश्न समोरच आहे. महाराष्ट्राने २०१६मध्ये ज्यूंना अल्पसंख्याक दर्जा दिला, केंद्राच्या यादीत मात्र सहाच समाज आहेत आणि ज्यू त्यात नाहीत. यावर तिने अभ्यास करून टिपण तयार केलं, तर तिचा अर्ज वेगळा उठून दिसेल. आणि हे काम तुमच्या समाजाला नवं नाही. १९६०च्या दशकात इस्रायलमध्ये मुख्य रब्बींच्या (ज्यू धर्मगुरूंच्या) कार्यालयाने बेने इस्रायलींच्या लग्नांआधी पूर्वज ज्यूच होते का, या चौकशीची अट घातली, तेव्हा इथून गेलेल्या साध्या कामगार कुटुंबांनी निदर्शनं केली, ती शेवटपर्यंत नेटाने लावून धरली. १९६४मध्ये तिथल्या संसदेने ते सर्वार्थाने ज्यू असल्याचं जाहीर केलं. हा इतिहास तिला नीट माहीत हवा.

सुरुवात मुंबईतूनच करावी. ‘जॉइंट’ (अमेरिकन ज्यूइश जॉइंट डिस्ट्रिब्यूशन कमिटी) ही ज्यू मदतसंस्था इथे बरीच वर्षं काम करते. तिथल्या तरुणांच्या उपक्रमांत वर्षभर जबाबदारी घेतली, की शिफारसपत्र देणारी माणसंही ओळखीची होतात.

पगार यामुळे वाढेल असं मी सांगणार नाही. धोरण, मानवी हक्क, आंतरराष्ट्रीय कायदा या वाटांकडे वळायचं असेल, तर ओळखी आणि अनुभव मोलाचे ठरतात.

एक गोष्ट मात्र तिने स्वतः तपासावी. यातल्या काही संस्था इस्रायलची बाजू मांडणं हे आपलं काम मानतात. आपल्याकडून कोणती भूमिका अपेक्षित आहे, खर्च कोण करणार, नंतर किती वेळ द्यावा लागणार, हे अर्जाआधी विचारावं. मत जुळत नसेल तर तो कार्यक्रम सोडून द्यावा. दुसरे आहेत.