वेगळं ताट

ऐरोलीच्या त्या काकू (ओळख पटू नये म्हणून थोडे तपशील बदललेत) पहिल्यांदा आल्या, तेव्हा खुर्चीवर रुमाल अंथरून बसल्या. मला वाटलं, स्वच्छतेची सवय असेल. नंतर कळलं, तो रुमाल माझी खुर्ची वाचवण्यासाठी होता!

स्तनाच्या कॅन्सरचं ऑपरेशन झालेलं, खारघरला केमो चालू. घरात कुणी काही न बोलता त्यांनीच आपलं ताट-वाटी-पेला वेगळा काढला होता. दोन वर्षांच्या नातवाला महिनाभर उचललं नव्हतं. "शेजारीण म्हणाली, उष्ट्यातून लागतो. खोटं असेलही. पण पोराच्या बाबतीत परीक्षा कशाला बघायची?"

ठाण्यात मी कॅन्सरच्या रुग्णांशी बोलते, त्या खोलीत ही भीती सारखी येते. "नाही हो, लागत नाही," एवढ्यानं ती जात नाही, हे मी बऱ्याच चुकांनंतर शिकले. का लागत नाही, ते सांगावं लागतं.

त्यांच्या अंगठ्यावर विळीची जुनी खूण होती. तिच्यापासूनच सुरुवात केली. कापलं तेव्हा कडेच्या पेशी वाढायला लागल्या आणि जखम भरून आल्यावर थांबल्या. निरोगी पेशीला शेजारणीचा धक्का कळतो. फार बिघडली तर ती बहुतेकदा स्वतःच संपते. कॅन्सरच्या पेशीत जनुकांचे बदल साचलेले असतात. 'थांब' म्हटलेलं ती ऐकत नाही, मरण टाळते, जागा सोडून दुसरीकडे बिऱ्हाड करते.

काकूंनी तिथेच पकडलं. "मग नातवात का नाही करणार?"

प्रश्न चोख होता. म्हटलं, आईनं दिलेली किडनीसुद्धा शरीर परकी म्हणून नाकारायला बघतं, त्यासाठी कायम गोळ्या घ्याव्या लागतात. तुमच्या अंगात ही पेशी लपून राहते, कारण ती मूळची तुमचीच. नातवाचं शरीर तिला उपरी म्हणून ओळखेल. गर्भाशयमुखाच्या कॅन्सरमागचा एचपीव्ही, यकृताच्या कॅन्सरमागचा हिपॅटायटिस बी हे विषाणू एकाकडून दुसऱ्याकडे जातात, हे खरं. पण जातो तो विषाणू, गाठ नव्हे. आणि तुमच्या बाबतीत तो प्रश्नच नाही.

"मग केस का गेले? केसांनी काय केलं होतं?"

केसांच्या मुळाशीही पेशी भराभर वाढतात. केमोचं औषध भराभर वाढणाऱ्यांवर तुटून पडतं, त्यात भले-बुरे दोन्ही सापडतात. तोंड येतं तेही त्यामुळेच. पांढऱ्या पेशी कमी होतात, ते जास्त जपायचं. म्हणजे धोका आहे तो उलट्या दिशेनं: नातवाची सर्दी तुम्हाला महागात पडू शकते. केमोनंतरचे पहिले काही दिवस लघवी, उलटी साफ करताना घ्यायची काळजी नर्स सांगते, तेवढी घरच्यांनी पाळायची. ताटाचा त्यात संबंध नाही.

पुढच्या खेपेला रुमाल पर्समध्येच राहिला. ताट परत मांडणीत गेलं होतं, पेला मात्र अजून वेगळाच.

"आणि नातू?"

"चार दिवस त्याच्या दुसऱ्या आजीकडे पाठवलाय. नाक वाहतंय त्याचं." मग हसून म्हणाल्या, "या वेळी माझ्यासाठी हो, त्याच्यासाठी नाही."