‘सिंटॅक्स हायलाइटिंग’ला मराठीत काय म्हणावे?

नाशिकला गंगापूर रोडवर प्रोग्रॅमिंगचा क्लास घेणाऱ्या एका वाचकांनी विचारले आहे की, एडिटरमधील, म्हणजे कोड लिहिण्याच्या सॉफ्टवेअरमधील, ‘सिंटॅक्स हायलाइटिंग’साठी (कोडमधील वेगवेगळ्या प्रकारच्या शब्दांना वेगवेगळे रंग देण्यासाठी) ‘वाक्यरचना ठळक करणे’ हा प्रतिशब्द चालेल का. माझ्या मते चालू नये. ‘ठळक’ म्हटले की जाड ठसा डोळ्यांपुढे येतो, इथे बदलतो तो रंग. पण त्याहून मोठी अडचण ‘वाक्यरचना’ या शब्दाची आहे, आणि ती मूळ इंग्रजी नावातूनच आलेली आहे.

शाळेत ‘शब्दांच्या जाती ओळखा’ आणि ‘वाक्यपृथक्करण करा’ असे दोन वेगळे प्रश्न असत. बरेचसे एडिटर त्यांतला पहिलाच सोडवतात. टेक्स्टमेट या एडिटरने रूढ केलेल्या आणि व्हीएस कोड या एडिटरनेही स्वीकारलेल्या पद्धतीत रेग्युलर एक्स्प्रेशनचे, म्हणजे अक्षरांचे ठरावीक साचे ओळखण्याचे, नियम एकेका ओळीला लावले जातात: अवतरणचिन्हांत सापडली ती स्ट्रिंग (मजकुराचा तुकडा), ‘इफ’ किंवा ‘रिटर्न’ दिसला तो कीवर्ड (भाषेचा राखीव शब्द). ओळ संपताना कोणती अवस्था उघडी राहिली, एवढीच नोंद पुढच्या ओळीकडे जाते. म्हणून सी भाषेत तिरकी रेघ आणि तारका देऊन उघडलेली कॉमेंट (कोड वाचणाऱ्यासाठीची टीप) मिटवायची राहिली, की खालचा सारा मजकूर एकदम कॉमेंटच्या रंगात जातो. एखादे अक्षर बदलल्यावर मात्र फाइल शेवटपर्यंत रंगवावी लागत नाही. ज्या ओळीअखेरची नवी अवस्था जुन्या नोंदीशी जुळते, तिथे काम थांबते.

या पद्धतीची मर्यादा मराठीच्या शिक्षकांना चटकन कळेल. ‘वर रामकुंडापाशी उभा आहे’ यातला ‘वर’ नवरदेव आहे, हे ‘उभा आहे’पर्यंत वाचल्याशिवाय ठरत नाही, कारण शब्दाची जात त्याच्या वाक्यातील कार्यावरून ठरते. ट्री-सिटर हे साधन यासाठी संपूर्ण कोडच्या रचनेचा वृक्ष बांधते आणि बदल झाल्यावर न बदललेल्या फांद्या तशाच वापरते. याला वाक्यपृथक्करण खुशाल म्हणावे.

तेव्हा मी ‘पदरंगांकन’ सुचवतो. व्याकरणात वाक्यात वापरलेल्या शब्दालाच ‘पद’ म्हणतात, त्यामुळे दोन्ही पद्धती या नावात सामावतात. लेखी नोट्समध्ये हा शब्द शोभेल. फळ्यासमोर बोलताना ‘कोडचे रंग’ म्हटले तरी विद्यार्थ्यांना नेमके समजेल.