‘मॅडम, हिंडलग्याला पाठवतील काय?’ : कंपनीचे शेअर विकले, रिटर्नमध्ये चुकलं आणि झोप उडाली

मी बेळगावात समुपदेशनाचं काम करते. नोव्हेंबर संपत आला की माझ्याकडे एका ठरावीक प्रकारची माणसं यायला लागतात, आणि गेली दोन वर्षं तर हे फारच वाढलंय. वय तीस ते पंचेचाळीस, बेंगळुरूच्या नाहीतर पुण्याच्या आयटी कंपनीत नोकरी, वर्क फ्रॉम होम म्हणून टिळकवाडीत किंवा शहापूरला येऊन राहिलेले, पगार चांगला, आणि तरी रात्री तीनला जाग येऊन छातीत धडधडतंय. आधी कामाचा ताण सांगतात, मग घरातली कुरबुर सांगतात, आणि वेळ संपत आली, चपला घालायला उठले की दारात थांबून विचारतात, "एक विचारू काय ओ मॅडम, कंपनीचे शेअर विकलेले रिटर्नमध्ये नीट दाखवले नसतील तर हिंडलग्याला पाठवतील काय?"

हिंडलगा म्हणजे आमच्या इथलं सेंट्रल जेल. चांगली शिकलेली, आयुष्यात कधी सिग्नल न तोडलेली माणसं हा प्रश्न मनापासून विचारतात. म्हणून एकदा नीट लिहायचं ठरवलं. खाली जी गोष्ट आहे त्यातले तपशील बदललेत, आकडे सोयीसाठी गोल केलेत, आणि ज्याची ती आहे त्याची परवानगी घेतलीय. मी सीए नाही, त्यामुळं कराचा भाग एका अनुभवी सीएंकडून तपासून घेतलाय.

ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी थोडक्यात. अमेरिकन कंपन्या इथल्या कर्मचाऱ्यांना स्वतःचे शेअर सवलतीत घ्यायची सोय देतात, एम्प्लॉयी स्टॉक परचेस प्लॅन, ऑफिसात सगळे ईएसपीपी म्हणतात. पगारातून दर महिन्याला पैसे कापले जातात, बऱ्याच ठिकाणी सहा महिन्यांनी त्यातून शेअर घेतले जातात, सूट साधारण पंधरा टक्क्यांपर्यंत. शेअर अमेरिकेतल्या ब्रोकरच्या खात्यात पडून राहतात. घर बांधायला, गाडीला पैसे लागले की माणूस मोबाइलवर विकून टाकतो आणि विसरतो.

ज्याची गोष्ट सांगतेय तो बेळगावजवळच्या येळ्ळूरचा. घरातला पहिला इंजिनिअर. त्यानं २०२४ मध्ये साठ शेअर विकले होते, अजून तीसेक खात्यात होते. रिटर्न वेळेत भरलेलं, फॉर्मही बरोबर, आयटीआर-२ च भरलेलं, ब्रोकरच्या साइटवर जो नफा दिसत होता तो त्यात टाकलेला. पण शेड्यूल एफए म्हणून परदेशी मालमत्तेचा जो तक्ता असतो तो उघडला, त्यातले रकाने बघितले आणि मोकळाच सोडला. मग २०२५ च्या नोव्हेंबरअखेर आयकर खात्याचा मेसेज आला की तुमची परदेशात मालमत्ता असल्याची माहिती आमच्याकडे आहे, रिटर्न तपासा, गरज असेल तर ३१ डिसेंबरच्या आत सुधारा. मेसेजमध्ये एवढंच होतं. यानं मात्र रात्रभर व्हिडिओ बघितले.

"दहा लाख दंड हाय म्हणे ओ मॅडम. काळा पैसा कायदा. आमच्या आप्पांना कळलं तर काय तोंड दाखवू?"

"बायकोला सांगितलंय?"

"नाही."

"का?"

बराच वेळ गप्प. मग म्हणाला, "मला समजत नाही म्हणून कसं सांगू तिला?"

मला तिथंच धागा सापडला. माझं पहिल्यापासूनचं मत आहे की माणूस घटनेनं तेवढा खचत नाही जेवढा त्या घटनेवरून स्वतःला काय बोलतो त्यानं खचतो. आणि हे बोलणं आभाळातून पडत नाही, घरात लहानपणी आपल्याला जी जागा मिळालेली असते तिथून येतं. म्हणून मी त्याला दंडाबद्दल काहीच विचारलं नाही, घरात सरकारी कागद कोण वाचायचं ते विचारलं.

"मीच की. सातवीपासून. आप्पांना कन्नड वाचायला येत नाही, सगळं आलेलं कन्नडमध्ये. लाइट बिल, शेताचा पाहणी उतारा, सोसायटीची नोटीस. शेजारचे पण घेऊन यायचे. मी वाचून सांगायचो."

सीमाभागातल्या मराठी घरात वाढलेल्यांना हे वेगळं सांगायला नको. घरात एक पोरगं असतं ज्याला मराठी, कन्नड, इंग्रजी तिन्ही येतं आणि आठ-दहा वर्षांच्या वयापासून ते घराचं कागदपत्र खातं सांभाळतं. त्याचं कौतुक होतं, गल्लीत मान मिळतो. पण त्या मानाची एक अट त्याच्या मनात कुणी न सांगता बसते, की मला कागद कळलाच पाहिजे. अशी कितीतरी मुलं मोठी होऊन माझ्यासमोर बसलेली मी बघितलीत, आणि भीतीच्या मुळाशी बहुतेकांचं हेच निघतं. जेलची भीती वरवरची. खालची भीती अशी की एक कागद असा आला जो मला कळला नाही, म्हणजे मी जो आहे म्हणून सगळे समजतात तो मी नाहीच. मग माणूस कागद उघडत नाही, न उघडल्यामुळं कळत नाही, न कळल्यामुळं भीती वाढते.

हे मी त्याला तेव्हाच बोलून दाखवलं नाही. समजावलेलं डोक्यात जातं, पण रात्री तीनला उपयोगी पडत नाही. त्याला म्हटलं पुढच्या वेळी कागद घेऊन या, प्रिंट काढून. फॉर्म १६ म्हणजे कंपनी देते तो पगाराचा आणि कापलेल्या कराचा दाखला, त्याच्यासोबतचा १२बीए म्हणजे पगाराशिवाय मिळालेल्या फायद्यांचा तक्ता, शेअर घेतल्याची ब्रोकरची पावती, विकल्याचा हिशोब आणि भरलेलं रिटर्न.

आला. प्लास्टिकच्या फोल्डरमध्ये सगळं, पण फोल्डर मांडीवर घट्ट धरून बसला. मी म्हटलं, "मला यातलं काही कळत नाही. तुम्ही आप्पांना जसं वाचून दाखवायचा तसं मला दाखवा. बोट ठेवून."

सुरुवातीला आवाज बारीक होता. मग हळूहळू तो सातवीतला पोरगा जागा झाला म्हणायला हरकत नाही, कारण पाठ ताठ झाली आणि तो शिकवायच्या सुरात बोलायला लागला. "हे बघा मॅडम, ज्या दिवशी शेअर माझ्या नावावर आले त्या दिवशी बाजारात भाव होता दहा हजार. मला पडला साडेआठ हजाराला. म्हणजे एका शेअरला दीड हजार फायदा, साठ शेअरचे नव्वद हजार. हे कंपनीनं पगारात धरलंय, हे बघा १२बीएमध्ये, त्याच्यावर टीडीएस पण कापलाय."

"बरं. पुढं?"

"पुढं विकले दहा हजार चारशेला. ब्रोकर म्हणतो खरेदी साडेआठ हजार, म्हणजे नफा एकोणीसशे, साठ शेअरचे एक लाख चौदा हजार. ते मी रिटर्नमध्ये…"

बोट तिथंच थांबलं. मग ते बोट १२बीएवर गेलं, परत रिटर्नवर आलं, परत १२बीएवर. मी काही बोलले नाही. अशा वेळी गप्प बसणं ही माझ्या कामातली सगळ्यात अवघड गोष्ट आहे आणि इतक्या वर्षांत ती मला जमायला लागलीय असं मी समाधानानं सांगू शकते.

"थांबा ओ मॅडम. हे नव्वद हजार इथं पण हायत. आणि ह्या एक लाख चौदामध्ये पण हायत."

"म्हणजे?"

"म्हणजे माझा नफा चोवीस हजारच हाय! दहा हजार चारशे वजा दहा हजार. पगारात एकदा टॅक्स गेलाय, तेच मी परत नफा म्हणून दाखवलंय. मी चोरी केली म्हणून झोपेना झालोय आणि मी डबल भरून बसलोय?"

तीस टक्क्यांच्या स्लॅबमध्ये होता, सेस धरून ३१.२ टक्के, म्हणजे नव्वद हजारांवर २८,०८० रुपये जास्तीचे भरलेले. तो हसला आणि लगेच रडला पण. मी पाण्याचा ग्लास पुढं सरकवला. पैसे जास्त गेले याचं ते रडणं नव्हतं. कागद त्याला कळला होता, स्वतःला कळला होता, मी सांगून नाही. मी जर पहिल्याच दिवशी "घाबरू नका, काही होत नाही" म्हटलं असतं तर तो आठवडाभर बरा राहिला असता आणि परत व्हिडिओ बघत बसला असता.

आता ही चूक इतकी सर्रास का होते ते सांगते. ब्रोकरच्या कागदावर खरेदीची किंमत म्हणून तुम्ही खिशातून दिलेली सवलतीची रक्कम असते. आपल्या आयकर कायद्यात मात्र, ज्या बाजारभावावरून कंपनीनं तुमच्या पगारात फायदा धरला तोच बाजारभाव विक्रीच्या वेळी तुमची खरेदी किंमत म्हणून धरतात. ब्रोकरला तुमच्या फॉर्म १६ मध्ये काय आहे ते माहीत नसतं. अमेरिकेत राहणाऱ्या मुलांचं दुखणंही वेगळं नाही. माझ्याकडे येणाऱ्या एका आईची लेक तिकडं आहे, तिच्या १०९९-बी फॉर्मवरही, म्हणजे ब्रोकरच्या विक्रीच्या कागदावरही, सवलतीचीच किंमत येते, सवलतीचा पगारात धरायचा भाग डब्ल्यू-२ या तिकडच्या पगाराच्या दाखल्यात येतो, आणि ८९४९ नावाच्या फॉर्ममध्ये फरक स्वतः दुरुस्त करावा लागतो. नाही केला की तिथंही दोनदा टॅक्स.

याची खरी चूक एकच होती, शेड्यूल एफए मोकळं सोडलेलं, आणि त्यातच थोडा डिव्हिडंड म्हणजे शेअरवरचा लाभांश दाखवायचा राहिलेला. ती चूक मी पुसून टाकली नाही. चूक झालीय हे म्हणता आलं पाहिजे, आणि त्याच दमात मी चोर आहे हे न म्हणता आलं पाहिजे. दहा लाखांचा दंड कायद्यात आहे हे खरं, २०१५ च्या काळ्या पैशाच्या कायद्यात. पण १ ऑक्टोबर २०२४ पासून घरजमीन सोडून बाकीची परदेशी मालमत्ता एकूण वीस लाखांपर्यंत असेल तर तक्त्यात न दाखवल्याचा तो दंड लागत नाही. याचं सगळं मिळून नऊ लाखांच्या आसपास. व्हिडिओवाल्यानं हे अर्धं सांगितलंच नव्हतं. आणि असा मेसेज एकट्यालाच आला असं वाटणं, तेही खोटं. २०२४ च्या नोव्हेंबरात खात्यानं अशी पहिली मोहीम काढली तेव्हा २४,६७८ जणांनी आपलं रिटर्न सुधारलं. हा आकडा मी त्याला कागदावर लिहून दिला, पाकिटात ठेवायला.

मग सीएंकडं पाठवला. डिसेंबरात सुधारित रिटर्न गेलं, नंतर रिफंडही आला. डिव्हिडंड चार हजार होता, अमेरिकेनं पंचवीस टक्के म्हणजे हजार रुपये कापलेले, त्याचं क्रेडिट मिळावं म्हणून फॉर्म ६७ भरला, वरचे अडीचशे रुपये इथं भरले.

ज्यांना स्वतःचं बघायचंय त्यांनी एवढं ध्यानात घ्या. परदेशी शेअर असतील तर आयटीआर-१ चालत नाही, नफा असो, तोटा असो, विकलेले असोत नसोत. शेअर चोवीस महिन्यांच्या वर ठेवून विकले तर दीर्घ मुदतीचा नफा, २३ जुलै २०२४ पासूनच्या विक्रीवर साडेबारा टक्के. त्याच्या आत विकले तर तुमच्या स्लॅबनं. इथल्या बाजारातल्या शेअरचं एक वर्षाचं गणित इथं लावू नका, खूप जण लावतात. डॉलरचे रुपये करताना गूगलवरचा भाव नको, ज्या महिन्यात विकले त्याच्या आधीच्या महिन्याच्या शेवटच्या दिवसाचा स्टेट बँकेचा टीटी बायिंग रेट, म्हणजे बँक डॉलर विकत घेते तो दर, घ्यायचा. आणि सगळ्यात जास्त गोंधळ होतो तो असा की उत्पन्न एप्रिल ते मार्चचं पण शेड्यूल एफए जानेवारी ते डिसेंबरचं. म्हणजे २०२५-२६ च्या असेसमेंट वर्षाच्या (एप्रिल २०२४ ते मार्च २०२५ च्या उत्पन्नाच्या) रिटर्नमध्ये २०२४ च्या कॅलेंडर वर्षात जे काही एक दिवस जरी तुमच्या नावावर होतं ते सगळं येणार, विकून टाकलेलं सुद्धा. आरएसयू, म्हणजे कंपनी पैसे न घेता देते ते शेअर, मिळत असतील तर त्यांनाही हेच सगळं लागू.

घरात सांगायचं कसं हेही बरेच जण विचारतात. मी म्हणते, "मोठा घोळ झालाय" म्हणून सुरू करू नका, "मला एक कागद कळेना झालाय, जरा बस माझ्यासोबत" म्हणून सुरू करा. यानं तसंच केलं. बायको बँकेत आहे, तिनं टीटी रेटचं दोन मिनिटांत सांगितलं. तिला राग आला तो एवढाच की महिनाभर सांगितलं का नाहीस. तो राग रास्त होता आणि त्यावर आम्ही तिघांनी एकदा बसून बोललोही. आप्पांना त्यानं अजून सांगितलेलं नाही, आणि सांगायलाच पाहिजे असा माझा आग्रहही नाही.

झोप दोन आठवड्यांहून जास्त दिवस मोडलेली असेल, जेवण जाईना झालं असेल, मेसेजचा आवाज आला की हात थरथरत असेल, तर सीएंकडं जाण्याआधी किंवा जाताजाता आमच्यासारख्यांकडं या. कागद घेऊन या. आणि नोकरी सोडणार असाल तर राजीनामा द्यायच्या आधी ब्रोकरच्या खात्यात ऑफिसच्या मेल आयडीच्या जागी स्वतःचा आयडी घाला आणि जुन्या सगळ्या पावत्या उतरवून ठेवा, ऑफिसचा मेल बंद झाला की त्या परत मिळवायला फार त्रास होतो.